लाभ, दोन, तीन

माझ्या जावेने कोथिंबिरीचा भारा उचलला आणि माझ्या सुनेच्या पायाशी आपटला.

"घाल तुझ्या त्या डब्यात," ती म्हणाली. "त्याला तरी खाऊ दे. गिऱ्हाइकाला तर पोचत नाय."

गुरुवार होता. दुपारचे साडेचार वाजले होते. पत्र्याच्या शेडमध्ये चौतीस बायका आणि चौतीस ढीग होते. बाहेर टेंपो चालू करून ठेवलेला होता. सुनेच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर नुसता पांढरा पडदा होता. त्या एका दुपारी सर्व्हर चौथ्यांदा पडला होता. पालेभाजी ढिगात ठेवली की आतून तापते. भाऱ्यात हात घातला की चटका बसावा इतकी ती तापली होती. मी बारदानावर पाणी मारत होते आणि माझं डोकं त्या भाज्यांपेक्षा जास्त तापलं होतं.

टेंपोवाला आत डोकावला. "मावशी, माझी गाडी जुनी हाय, पण धक्का मारला की चालती. तुमच्या यंत्राला मारू का धक्का?"

"तूच धक्का खाशील," मी म्हटलं. तो हसत बाहेर गेला. सून हसली नाही. तिने भारा उचलून सरळ ठेवला आणि म्हणाली, "आई, परत चालू करते. सगळ्यांना पहिल्यापासून भरायला सांगा."

पहिल्यापासून. चार दिवसांत हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला होता की कुणी 'पहिल्या' म्हटलं तरी माझे दात शिवशिवायचे.

आमचं गाव नाशकाला लागूनच आहे. आम्ही कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात करतो. पूर्वी सगळा माल व्यापाऱ्याला जायचा. तो शेकड्यावर घ्यायचा, आणि शंभर जुड्यांवर वरच्या चार-पाच जुड्या अशाच ओढून घ्यायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, रीत आहे. मी चाळीस वर्षं ती रीत पाहिली. मग मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली. पुण्याला कंप्युटरवर नोकरी करायची. मुलाची कंपनी सातपूरला, म्हणून ती नोकरी सोडून इथे आली. सहा महिने नुसती बसून होती. एक दिवस म्हणाली, शहरातल्या सोसायट्या थेट तुमच्याकडून भाजी घेतील, मी प्रोग्रॅम लिहिते.

मी दारोदार जाऊन बायका गोळा केल्या. व्यापाऱ्याला सोडा म्हणून सांगितलं. तेहतीस जणी माझ्या शब्दावर आल्या. चौतिसावी मी. हे सांगते कारण पुढे जे झालं त्यात डबा सुनेचा होता, पण शब्द माझा होता.

काम सोपं होतं. दुपारी माल काढायचा, जुड्या बांधायच्या, शेडमध्ये आपापला ढीग लावायचा. मग प्रत्येकीने मोबाइलवर तीन गोष्टी सांगायच्या: ढीग कितवा, भाजी कुठली, जुड्या किती. टायपिंग कुणालाच नको असायचं, म्हणून माइक दाबून बोलायचं आणि मोबाइल लिहायचा. माझी शाळा चौथीपर्यंत, पण तेवढं जमतं. ते सगळं आमच्या मागच्या खोलीतल्या काळ्या डब्यात जायचं. तो डबा म्हणजे सर्व्हर. कुणाची मेथी कुठल्या सोसायटीत जायची याची यादी तो करायचा, टेंपोवाला ती बघून माल भरायचा आणि सहाच्या आत निघायचा. यादी नाही तर टेंपो नाही.

सहा महिने हे नीट चाललं. नीट म्हणजे सावकाश. चौतीस ढीग भरून झाले की यादी यायला दहा-बारा मिनिटं लागायची. बायका कंबर धरून उभ्या राहायच्या. मी रोज कटकट करायचे. "अगं, एवढ्यात मी अख्ख्या वाफ्याची मेथी उपटते. तुझा डबा पाय ओढत चालतो. पळव त्याला जरा."

हे मीच म्हणाले. रोज म्हणाले. लिहून ठेवते, नंतर कुणी काढायला नको.

मग एका रविवारी तिने त्याला पळवलं. कसं ते मला तेव्हा कळलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. सोमवारी दुपारी शेडमध्ये उभी राहून ती म्हणाली, "आज बघा." आम्ही बघितलं. पहिला ढीग भरला आणि सर्व्हर पडला.

पहिल्यांदा 'पडला' म्हणाली तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन आले होते. डबा टेबलावर होता तिथेच होता. परत येऊन सांगितलं, "जागेवरच आहे." ती म्हणाली, "आई, पडला म्हणजे बंद पडला." मग तसं म्हणावं.

सोमवारी माल कागदावर लिहून पाठवला. गडबडीत ज्यांनी मेथी मागितली होती त्यांना शेपूच्या जुड्या गेल्या. शेपू फुकट दिला तरी अर्धं नाशिक घेत नाही. रात्रभर सुनेच्या मोबाइलवर शिव्या येत होत्या, आणि सुशिक्षित लोकांच्या शिव्या फार लांबलचक असतात.

मंगळवारी मी वणीला भाचीच्या मुलाच्या बारशाला गेले होते. संध्याकाळी आले तर सून आनंदात. "आज एकदाही पडला नाही! तीन मिनिटांत यादी!" मला वाटलं सुटलं. बुधवारी मी शेडमध्ये, आणि हा पुन्हा पडला. तीनदा. गुरुवारी साडेचारपर्यंतच चारदा.

त्या चार दिवसांत तिने काय केलं नाही ते विचारा. आधी विजेवर संशय घेतला. वायरमन बोलावला, त्याने भिंतीतली वायर बदलली, चहा घेतला, आणि "आता डोळे मिटून चालवा" म्हणून गेला. तासाभरात पडला. मग उन्हावर संशय. मागची खोली तापते हे खरं, म्हणून मी डब्यावर ओलं बारदान टाकायला गेले. भाजीवर टाकतो तसं. ती अशी किंचाळली की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. मग डब्याच्या आतला एक भाग बदलला. मग दुसरा. रोज सकाळी ती लॅपटॉप घेऊन बसायची आणि स्वतःच खोटे ढीग भरायची. एक, कोथिंबीर, पन्नास. दोन, मेथी, चाळीस. शंभर-शंभर ढीग भरायची. डबा हूं की चूं करायचा नाही. दुपारी शेडमध्ये गेलं की आडवा.

"तो नोंद ठेवत नाही का, कशामुळे पडला त्याची?" मी विचारलं.

"ठेवतो. पण नोंद लिहायच्या आधीच पडतो."

"मग तू बसून बघ ना, कुठे अडखळतो."

"बघायचं म्हणजे त्याला हळू करावं लागतं, आई. आणि हळू केला की तो पडतच नाही."

मी हात जोडले. बघितलं की पडत नाही, पाठ वळली की पडतो. असली गुरं मी पाहिली आहेत, पण त्यांना निदान दावं तरी लावता येतं.

बुधवारी संध्याकाळीच बायकांनी सांगून टाकलं होतं. शनिवारी बैठक. तोवर नीट झालं नाही तर डबा बंद, गट बंद, आणि सोमवारपासून माल पुन्हा व्यापाऱ्याला. व्यापाऱ्याने निरोपही पाठवला होता, रुसवे सोडा, या परत. सुनेने ते ऐकलं आणि रात्री भाकरी वाढताना मला सांगितलं, "गट मोडला तर मी पुण्याची नोकरी धरते. त्यांनी मला दोनदा विचारलंय. इथे बसून मी काय करू?" रडली-बिडली नाही. मीही समजूत घातली नाही. तिचं बरोबर होतं. बाईने हात बांधून घरात बसावं असं मला कधी वाटलं नाही. पण तेहतीस घरांना मी काय तोंड दाखवणार होते, ते मला दिसत होतं.

तर गुरुवार. सर्व्हर पाचव्यांदा चालू झाला, मी पहिला ढीग सांगितला आणि तो पाचव्यांदा पडला. मग पुन्हा कागद काढला. टेंपो साडेसातला गेला. शेड झाडताना जाऊ म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने:

"मंगळवारी कसं झोकात चाललं होतं. आक्का वणीला गेल्या होत्या ना. सासू नसली की सुनेचं यंत्र बरं चालतं!"

सगळ्या खो खो हसल्या. दमलेल्या बायका फार हसतात.

"यंत्राला बी कळतं गं," दुसरी म्हणाली. "सासूचा वारा सहन होत नाय त्याला."

मी खराटा टाकून घरी आले. रागाने माझा जीव नुसता जळत होता. माझ्या जावेची जीभ म्हणजे विळा आहे, धार लावायला लागत नाही. पण रात्री पडल्या पडल्या तेच डोक्यात फिरत राहिलं. टोमणा बाजूला ठेवला तर गोष्ट खरी होती. सोमवार, मी होते, पडला. मंगळवार, मी नव्हते, चालला. बुधवार, गुरुवार, मी होते, पडला.

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी मी सुनेला विचारलं, "मंगळवारी तू काय वेगळं केलं होतंस?"

"काहीच नाही."

"मग वेगळं एवढंच की मी नव्हते."

मंगळवारनंतर पहिल्यांदा ती हसली. "आई, तुमच्यामुळे सर्व्हर कसा पडेल?"

"ते मला काय माहीत? शिकलेली तू आहेस. करून बघ."

मागच्या खोलीत गेलो. तिने डबा चालू केला. म्हणाली, "शेडमध्ये करता तस्सं करा." मी म्हटलं, ढीग नसताना मोजू काय, कपाळ? स्वयंपाकघरातून मेथीची जुडी आणून टेबलावर ठेवली. मोबाइल तोंडाशी धरला, माइक दाबला.

"लाभ. मेथी. चाळीस."

पडदा पांढरा.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने डबा परत चालू केला. "पुन्हा."

"लाभ. मेथी. चाळीस."

पांढरा.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मेथी चाळीस."

"त्याच्या आधी."

"लाभ."

"लाभ म्हणजे?"

मी कपाळावर हात मारला. सहा महिने ही पोरगी आमच्या शेडमध्ये बसते, आणि विचारते लाभ म्हणजे!

धान्य मापताना, ढीग मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. माझी आई सायखेड्याच्या शिवारात बाजरी मापायची तेव्हाही लाभच म्हणायची. एक म्हटलं की ते एकटंच राहतं, वाढत नाही, असं ती सांगायची. वाढतं की नाही ते मी कधी तपासलं नाही. तोंडाला सवय आहे. गटात वय माझं जास्त, म्हणून पहिला ढीग रोज माझा. आणि मी वणीला गेले त्या दिवशी पहिला ढीग एका कॉलेज शिकलेल्या सुनेने लावला. ती 'एक' म्हणाली असणार.

"पण सहा महिने मी हेच म्हणतेय," मी म्हटलं. "तेव्हा नाही पडला तो."

ती लॅपटॉपवर वाकली ती तासभर. चहा निवला. मग खुर्ची मागे ढकलून म्हणाली, "सापडलं. आई, बसा, सांगते."

तिने सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. ती जे लिहिते ते डब्याला समजत नाही. मध्ये एक दुभाष्या असतो, त्याला कंपायलर म्हणतात. तो तिचं लिहिणं डब्याच्या भाषेत करतो. तो भाषांतर तर करतोच, आणि सांगितलं तर काटछाटही करतो. जे नको वाटेल ते काढून टाकायचं, म्हणजे डबा पळतो. रविवारी तिने त्याला सांगितलं होतं, हात आखडू नकोस, जास्तीत जास्त काट.

"आता समजा," ती म्हणाली, "मांडणीवर ओळीने डबे आहेत. एक नंबर, दोन नंबर. मोबाइलवरून 'लाभ' आलं, ते आकडा नाही, म्हणून प्रोग्रॅमने त्याचं शून्य केलं. शून्य नंबरचा डबाच नाही. मी लिहिलं होतं, आधी त्या नंबरच्या जागी डोकाव, मग नंबर बरोबर आहे का तपास, आणि एकापेक्षा कमी असेल तर एक धर. पूर्वी तो मांडणीच्या बाहेर नुसता डोकवायचा, मग तपासणी त्याला ओढून एक नंबरवर आणायची. कुणालाच काही कळायचं नाही, मलाही नाही."

"मग आता?"

"आता कंपायलरने बघितलं की हा डोकावून आलाय. म्हणजे त्या जागी डबा असणारच, नाहीतर शहाणा माणूस डोकावेल कशाला. मग तपासायचं काय कारण? त्याने तपासणीच छाटून टाकली. आणि प्रोग्रॅम गेला मांडणीच्या बाहेर तुमची मेथी ठेवायला."

"हवेत."

"हवेत."

मला आधी त्या दुभाष्याचाच राग आला. ज्याने जन्मात एक जुडी बांधली नाही, तो घरात बसून ठरवणार की काय नको आणि काय हवं. मग जरा विचार केला आणि राग फिरला.

"पण तू आधी तपासून मग का नाही डोकावलीस? आंधळ्या विहिरीत आधी पाय टाकायचा आणि मग पाणी किती ते बघायचं, असं कुणी करतं?"

ती मग म्हणाली, "चूक माझीच आहे."

"तुझीच आहे," मी म्हटलं. तिथे मी थांबू शकले असते. पण पळव, पळव म्हणून सहा महिने तिच्या मागे कोण लागलं होतं ते मला माहीत होतं. "आणि घाई माझी."

दुपारपर्यंत तिने ते उलट्याचं सुलटं केलं. आधी तपासणी, मग डोकावणं. दुभाष्याला सांगितलं, एवढं छाटू नकोस, बेताने. डब्याला लाभ म्हणजे एक हेही शिकवलं. मग मला वीस वेळा लाभ म्हणायला लावलं. माझा घसा बसला.

चार वाजता शेडमध्ये गेलो तेव्हा तीन जणी आल्याच नव्हत्या. त्यांचा माल सकाळीच व्यापाऱ्याकडे गेला होता. बाकीच्या आपापल्या ढिगाजवळ हाताची घडी घालून उभ्या. जाऊ म्हणाली, "आक्का, आज वणीला नाय गेलात?"

मी मोबाइल तोंडाशी धरला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "लाभ. कोथिंबीर. साठ."

सगळ्यांनी लॅपटॉपकडे बघितलं. पडदा पांढरा झाला नाही. दोन, तीन, चार असं करत एकतीस ढीग भरले. यादी यायला पाच मिनिटं लागली. तीन नाही, दहा नाही, पाच. टेंपो सहाच्या आत गेला. टेंपोवाला जाताना ओरडला, "मावशी, धक्का लागला वाटतं!"

शनिवारच्या बैठकीत मी उभी राहिले आणि झालं ते सांगितलं. चूक सुनेची, घाई माझी, आणि अडकलं माझ्या लाभावर. मग जाऊ म्हणाली, "म्हंजे आता लाभ म्हणायचं नाय? या डब्यासाठी आम्ही आमचं बोलणं बदलायचं?"

"म्हणा ना काकू," सून म्हणाली. "मी त्याला शिकवलंय."

"मी तर पयला म्हणते," मागून एक जण म्हणाली.

"आमच्यात देवाचा म्हणतात. देवाचा, दोन, तीन."

"मी काहीच म्हणत नाय. नुसता हात ठेवते."

सून वही काढून लिहायला लागली. लिहिता लिहिता तिचा चेहरा उतरत गेला. सहा महिने माझा लाभ तिच्या डब्यात शून्य होऊन जात होता आणि गुपचूप एक होऊन बाहेर येत होता; पहिला ढीग यांच्यापैकी कुणाचा असता तरी तेच झालं असतं. मला तिची दया आली नाही. हे तिने पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. मीही सांगायला हवं होतं, पण पाणी ओलं असतं हे कुणी कुणाला सांगतं का?

बैठकीत ठरलं की डबा राहील, आणि महिनाभर शेजारी कागदही राहील. जावेने हात वर केला तो सगळ्यात शेवटी, पण केला.

डबा पहिल्यांदा पडला त्या सोमवारी शेडमध्ये आम्ही चौतीस जणी होतो. पुढच्या सोमवारी एकतीस होतो. सून इथेच आहे.